रॉचा फॉर्म कुठे मिळतो?

गेल्या अंकात यूपीएससीच्या मुलाखतीबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं की रॉसाठी, म्हणजे देशाबाहेरची माहिती काढणाऱ्या आपल्या गुप्तचर संस्थेसाठी, थेट परीक्षा नसते. झालं, त्या एका वाक्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सअॅप आले की बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवून हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून लिहिलंय, म्हणून फक्त गावं देते.

ताई, मी बीएस्सी थर्ड इयरला आहे. मला रॉमध्येच जायचंय, दुसरं काही डोक्यात नाही. फॉर्म कधी सुटतो आणि कुठल्या साइटवर? इथे क्लासमध्ये विचारलं तर प्रत्येक सर वेगळंच सांगतात. (लातूर)

सर वेगवेगळं सांगतात कारण त्यांनाही माहीत नसतं आणि "माहीत नाही" म्हटलं तर फी कोण भरणार. अरे, रॉच्या नावाने फॉर्म सुटतच नाही. रॉची स्वतःची भरतीची वेबसाइट नाही, रॉ नावाची परीक्षा नाही, आणि यूपीएससीचा फॉर्म भरताना सेवांची जी पसंतीची यादी येते ना, आयएएस, आयपीएस, आयएफएस, आयआरएस वगैरे, त्यातसुद्धा रॉ नाहीये.

मग लोक जातात कसे? आधी थोडं मागे जाऊ. १९६२ चं चीन युद्ध झालं, १९६५ चं पाकिस्तान युद्ध झालं, दोन्ही वेळा लक्षात आलं की परदेशातली माहिती आपल्याकडे कमी पडतेय. तोवर देशातली आणि देशाबाहेरची दोन्ही कामं आयबी म्हणजे इंटेलिजन्स ब्युरोच करायचा. इंदिरा गांधींनी सप्टेंबर १९६८ मध्ये बाहेरचं काम वेगळं काढलं आणि रामेश्वरनाथ काव यांच्या हातात दिलं, ते आयबीतलेच. म्हणजे पहिली फळी तिथूनच उचललेली, त्यात आयपीएसवाले बरेच. पुढे काव यांनी रिसर्च अँड अॅनालिसिस सर्व्हिस म्हणून संस्थेचं स्वतःचं केडर उभं केलं, शिवाय बाहेरून डेप्युटेशनवर लोक येत राहिले, ते आजही येतात, पोलिसातून, सैन्यातून, महसूल सेवेतून. सगळ्यात वरचा जो माणूस असतो त्याला कागदोपत्री सचिव (संशोधन) म्हणतात आणि संस्था कॅबिनेट सचिवालयाखाली येते, हे नाव लक्षात ठेव, पुढच्या उत्तरात लागेल.

तर पदवीधरासाठी मोठा दरवाजा आजही यूपीएससीच आहे. तू सिव्हिल सर्व्हिसेस पास होतोस, कुठली तरी ग्रुप ए सेवा मिळते, आणि त्यानंतर निवड झालीच तर तिकडून होते. आयपीएसच लागतं असंही नाही हं. विक्रम सूद हे २००० ते २००३ या काळात रॉचे प्रमुख होते आणि ते मूळचे भारतीय टपाल सेवेतले. पोस्टातले! आपल्याकडे पोस्टल सर्व्हिस मिळाली की मुलं तोंड पाडून परत प्रिलिम्सला बसतात, त्यांना हे सांगावंसं वाटतं. अर्थात हल्लीचे प्रमुख पाहिलेस, सामंत गोयल, रवी सिन्हा, आता जुलै २०२५ पासून पराग जैन, तर सगळे आयपीएस, त्यामुळे पोलीस सेवेचं पारडं जड आहे हे मान्यच करायला हवं. आपल्या महाराष्ट्र केडरचंही उदाहरण आहे, वप्पाला बालचंद्रन, आयपीएस, आधी मुंबईत स्पेशल ब्रँचला आणि मग रॉमध्ये वरपर्यंत गेले, २६/११ नंतर राज्य सरकारने हल्ल्याच्या चौकशीसाठी दोघांची राम प्रधान समिती नेमली, तिच्यावर तेच दुसरे सदस्य होते.

आता तुझं "दुसरं काही डोक्यात नाही" हे मला खटकलं. यूपीएससीला दरवर्षी साधारण हजाराच्या आसपास जागा आणि अर्ज लाखोंनी, त्यात पास झालेल्यांपैकी तिकडे जाणारे मूठभर, आणि ती निवड तुझ्या हातात नाही, उलट "मला घ्या" म्हणून मागे लागणाऱ्याकडे जरा संशयानेच बघतील. त्यामुळे प्रश्न असा विचार स्वतःला, की रॉ कधीच आली नाही आणि तीस वर्षं आयकर खात्यात किंवा रेल्वेत नोकरी करावी लागली तर चालेल का? चालेल असेल तर लाग तयारीला. ओपनला वय २१ ते ३२ आणि सहा अटेम्प्ट, ओबीसीला ३५ पर्यंत आणि नऊ. नसेल चालत तर यूपीएससीत उमेदीची चार-पाच वर्षं घालू नकोस, दुसरे छोटे दरवाजे आहेत ते खाली वाच.

माझं इंजिनिअरिंग झालंय, कॉम्प्युटर. गेटचा स्कोअर बरा आहे. मित्र म्हणतो रॉ गेटवरून घेते, खरं का? (नाशिक)

मित्र बऱ्यापैकी बरोबर आहे. (बाकीच्यांसाठी, गेट म्हणजे एमटेकसारख्या अभ्यासक्रमांची राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा.) रोजगार समाचारमध्ये अधूनमधून एक जाहिरात येते, वर "कॅबिनेट सचिवालय, भारत सरकार" एवढंच लिहिलेलं, पद डेप्युटी फील्ड ऑफिसर (टेक्निकल). अख्ख्या जाहिरातीत रॉ हा शब्द शोधून सापडणार नाही, ज्याला जे समजायचं ते त्याने समजावं असा मामला. २०२५ च्या शेवटी आली होती ती २५० जागांची होती, त्यात १२४ कॉम्प्युटर आणि आयटीला, ९५ इलेक्ट्रॉनिक्सला, डेटा सायन्स आणि एआयला १०, आणि उरलेल्या फिजिक्स, केमिस्ट्री, जिऑलॉजी, मॅथ्स, सिव्हिल, मेकॅनिकल वगैरेंना दोन-दोन चार-चार. वय ३० पर्यंत. गेट २०२३, २४ किंवा २५ चा स्कोअर चालत होता, वेगळी लेखी परीक्षा नाही, गेटवरून शॉर्टलिस्ट करायचे आणि मग कागदपत्रं आणि इंटरव्ह्यू.

गंमत अर्जाची आहे. सगळ्या जगाचे फॉर्म ऑनलाइन झाले आणि हा छापील नमुन्यात भरून, फोटो चिकटवून, साध्या पाकिटात घालून पाठवायचा, पत्ता पोस्ट बॅग नंबर ००१, लोधी रोड हेड पोस्ट ऑफिस, नवी दिल्ली. आमच्याकडे सल्ला घ्यायला येणाऱ्या कितीतरी मुलांनी अर्ज लिंक शोधत बसल्यामुळे घालवलाय, शेवटच्या आठवड्यात कळतं की पोस्टाने जायचंय आणि मग कुरिअर घेईल का, स्पीड पोस्ट पोचेल का, धावपळ. तेव्हा जाहिरात आली की आधी पूर्ण वाच आणि पहिल्या आठवड्यातच पाकीट टाक.

पगार लेव्हल ७, म्हणजे मूळ वेतन ४४,९०० पासून आणि दिल्लीत भत्ते धरून लाखाच्या आसपास. पुण्या-बंगळुरूच्या आयटीशी तुलना करशील तर तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून तुझे बॅचमेट पुढे गेलेले दिसतील, ते बघवत असेल तरच जा. याच धर्तीवर एनटीआरओ पण बघ, नॅशनल टेक्निकल रिसर्च ऑर्गनायझेशन, कारगिलनंतर जी फेरमांडणी झाली त्यातून २००४ मध्ये उभी राहिली, पूर्ण तांत्रिक काम. तुझ्यासारख्यांची गरज तिथे जास्त आहे.

मी इतिहास घेऊन बीए करतेय. सगळीकडे टेक्निकल टेक्निकलच ऐकू येतं. आमच्यासारख्यांना तिथे कामच नसतं का? (सांगली)

अगं आहे, आणि माझ्या मते तुमच्यासारख्यांचंच काम जास्त अवघड आहे.

एक प्रसंग सांगते जो सगळ्यांना माहीत आहे, कारण सरकारनेच तो जाहीर केला. मे १९९९, कारगिल चालू आहे, पाकिस्तान म्हणतंय आमचं सैन्य नाहीच, ते मुजाहिद आहेत. पाकिस्तानचे लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ तेव्हा बीजिंगमध्ये दौऱ्यावर होते आणि रावळपिंडीतले त्यांचे लेफ्टनंट जनरल मोहम्मद अझीझ त्यांना फोनवर रिपोर्ट देत होते. ते फोन आपल्याकडे टेप झाले, २६ मे आणि २९ मे चे. ११ जूनला आपले परराष्ट्रमंत्री जसवंत सिंगांनी ते पत्रकार परिषदेत जगासमोर ठेवले आणि मुजाहिदांची गोष्ट तिथेच संपली. यात यंत्राचं काम किती? सिग्नल पकडेपर्यंत. त्यानंतर कुणीतरी कानाला हेडफोन लावून बसलेला होता ज्याला दोन आवाजांतला हा कोणाचा आणि तो कोणाचा हे ओळखता आलं, ज्याला त्यांची उर्दू आणि मध्येच घुसणारं फौजी इंग्रजी कळलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तासन्‌तासाच्या फालतू बोलण्यातून हेच दोन फोन वर पाठवायचे हे ज्याच्या लक्षात आलं. इतिहास-राज्यशास्त्रवाल्यांचं काम ते. (टेप जाहीर करायला नको होत्या, त्यामुळे आपण कुठली लाइन ऐकतोय हे समोरच्याला कळलं, असं म्हणणारेही बरेच आहेत. मला स्वतःला ते पटतं, पण तेव्हाचा दबाव पण समजून घ्यायला हवा.)

आणि त्याच कारगिलची दुसरी बाजू, घुसखोरी एवढ्या मोठ्या प्रमाणावर होईपर्यंत आपल्याला पत्ता लागला नाही. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली कारगिल आढावा समिती बसली आणि तिने गुप्तचर व्यवस्थेतल्या उणिवांवर बोट ठेवलं. माहितीचे तुकडे इकडेतिकडे होते पण ते जोडून चित्र कुणी उभं केलं नाही, तक्रार साधारण अशी. म्हणजे बघ, वाचणारा आणि जोडणारा माणूस नसेल तर बाकी सगळ्या खर्चाचा उपयोग काय.

तुझ्यासाठी यूपीएससी आहेच, त्यात इतिहास ऑप्शनल घेता येतो, मराठी माध्यमही घेता येतं. दुसरी गोष्ट भाषा. याच कॅबिनेट सचिवालयाच्या जाहिराती मागे भाषांच्या जाणकारांसाठीही आल्या होत्या आणि त्यातल्या भाषा बघ, बर्मी, सिंहली, दारी, धिवेही, बलुची, रशियन. फ्रेंच-जर्मन नाही! आपल्या मुली फ्रेंच-जर्मनकडे धावतात कारण शाळेपासून तेच असतं आणि पुढे कंपनीत नोकरी मिळते, त्यात चूक काहीच नाही, पण तुला हे क्षेत्र हवं असेल तर शेजाऱ्यांच्या भाषा बघ. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला रशियन आहे, मुंबई विद्यापीठात फारसी आहे, दिल्लीत जेएनयूत चिनी, फारसी, अरबी सगळं आहे, आणि संरक्षण मंत्रालयाचं स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस दिल्लीतच आहे जिथे बर्मी, सिंहली, पश्तो, तिबेटी असल्या भाषाही शिकवतात ज्या बाहेर सहसा मिळत नाहीत. शिवाय भाषा आली की नोकरी नाही लागली तरी अनुवाद, पत्रकारिता, संशोधन, दूतावासातलं काम अशी चार दारं उघडी राहतात. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट करून "मला चिनी येतं" म्हणू नकोस मात्र, वर्तमानपत्र न अडखळता वाचता आलं आणि रेडिओ ऐकून कळला तर येतं म्हणायचं.

आयबी आणि रॉ एकच ना? (धाराशिव)

नाही. आयबी देशाच्या आत, गृह मंत्रालयाखाली. रॉ देशाबाहेर, कॅबिनेट सचिवालयाखाली. आयबीची भरती उघड असते, पद एसीआयओ (असिस्टंट सेंट्रल इंटेलिजन्स ऑफिसर) ग्रेड टू एक्झिक्युटिव्ह, कुठलाही पदवीधर, वय १८ ते २७, २०२५ ला तब्बल ३,७१७ जागा निघाल्या होत्या. टियर वनला १०० मार्कांचे ऑब्जेक्टिव्ह आणि एक तास, चुकलं की पाव मार्क कट, मग वर्णनात्मक पेपर, मग इंटरव्ह्यू. ज्यांना "या क्षेत्रात काहीतरी" करायचंय त्यांनी हा फॉर्म सोडूच नये असं मी म्हणेन. बदली भारतात कुठेही होते, तेवढी मनाची तयारी ठेवा.

मुलीला स्थळ आलंय. मुलगा दिल्लीला असतो आणि मध्यस्थ म्हणतात तो रॉमध्ये आहे. मुलाने व्हिडिओ कॉलवर ओळखपत्रही दाखवलं, पण ऑफिस कुठे, पद काय विचारलं की "सिक्रेट आहे काका" म्हणतो. चौकशी कशी करायची? (कराड)

काका, तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग काळजी वाटली. तुम्हीच विचार करा, जो माणूस खरंच तिथे असेल तो मध्यस्थाला सांगेल का? आणि वर कार्ड दाखवेल? त्या लोकांना घरीदारी सांगायला साधं उत्तर ठरलेलं असतं, केंद्र सरकारात आहे, सचिवालयात आहे, एवढं बोलून ते विषय बदलतात. ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट तर आहेच, शिवाय १९८५ चा एक स्वतंत्र कायदा आहे ज्यात गुप्तचर संस्थांच्या लोकांना युनियन करायला आणि वर्तमानपत्राशी बोलायला बंदी आहे, आणि २०२१ पासून तर रिटायर झाल्यावरही परवानगीशिवाय काही छापलं तर पेन्शन अडकू शकते. एवढ्या बंधनातला माणूस सोयरिकीच्या बैठकीत कार्ड काढतो म्हणजे काय समजायचं.

नोकरी गुप्त असली तरी पगार गुप्त नसतो. केंद्राचा कुठलाही कर्मचारी असो, त्याला फॉर्म १६ मिळतो, पगार बँकेत जमा होतो, दिल्लीत बहुतेकांकडे आरोग्यासाठी सीजीएचएसचं कार्ड असतं. लग्न ठरवताना पगाराचा कागद मागणं आपल्याकडे रीतच आहे, ते मागा, त्याच्या आईवडिलांना भेटा, त्यांच्या गावात जाऊन या, शिक्षण कुठे झालं, कोणती परीक्षा दिली, कोणत्या साली लागला, ही सगळी माहिती खऱ्या माणसाला सांगता येते. "सिक्रेट"च्या आड हेही लपत असेल तर उठा तिथून. आणि मध्ये "ऑपरेशनला चाललोय, पैसे अडकलेत" असं काही आलं तर सरळ पोलीस स्टेशन, सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या २०४ कलमाखाली गुन्हा आहे. मुलीलाही हे सगळं वाचायला द्या, तिच्याशी तो रोज बोलत असेल.

आम्ही लेस्टरला असतो. मुलगा इथेच जन्मला, ब्रिटिश पासपोर्ट, ओसीआय कार्ड आहे. इंटरनॅशनल रिलेशन्समध्ये डिग्री होतेय आणि त्याला भारतात येऊन या क्षेत्रात काम करायचंय. जमेल का? (लेस्टर, यूके)

ओसीआयवर नाही जमणार. ओसीआय म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, नावात सिटिझन असलं तरी ते नागरिकत्व नव्हे, आणि नागरिकत्व कायद्यातच स्पष्ट आहे की ओसीआयधारकाला सरकारी नोकरीत समान संधीचा हक्क नाही. भारताचं नागरिकत्व घ्यायचं तर ब्रिटिश सोडावं लागेल, आणि एवढं करूनही जन्मापासून दुसऱ्या देशात वाढलेल्या मुलाला गुप्तचर संस्था घेईल असं मला वाटत नाही, कडू आहे पण खरं आहे. २००४ मध्ये रविंदर सिंग नावाचा रॉचा जॉइंट सेक्रेटरी नेपाळमार्गे अमेरिकेला पळाला होता, तेव्हापासून आतल्या माणसांकडेही डोळ्यात तेल घालून बघतात, बाहेरून आलेल्याचं तर सोडाच.

त्याला तिथेच काम का नको पण? तुमच्याकडे उलट सगळं उघड आहे. एमआय सिक्स, म्हणजे परदेशात काम करणारी ब्रिटनची गुप्तचर संस्था, अस्तित्वात आहे हे ब्रिटिश सरकारने कायद्याने मान्य केलं १९९४ मध्ये, तोवर ऑक्सफर्ड-केंब्रिजचे प्राध्यापक हुशार पोरांच्या खांद्यावर हात ठेवायचे ती पद्धत. २००६ पासून वर्तमानपत्रात जाहिरात देऊन भरती सुरू झाली, आता त्यांची वेबसाइट आहे, अर्ज ऑनलाइन, आणि पूर्वी आईवडिलांपैकी एकजण तरी ब्रिटिश किंवा खूप घट्ट संबंध असलेला लागायचा ती अट २०२१ च्या सुमारास काढून टाकली. ऑक्टोबर २०२५ पासून ब्लेझ मेट्रवेली प्रमुख आहेत, संस्थेच्या इतिहासातल्या पहिल्या महिला. फक्त तुम्ही एक करा, अर्ज केल्याचं मंडळाच्या गणपतीत आणि फॅमिली ग्रुपवर सांगू नका. अर्ज करणाऱ्याने गाजावाजा करू नये ही तिथली पहिली सूचना असते, आणि आपल्या माणसांना पोटात गोष्ट ठेवायची सवय नाही हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

जिम लावलीय, कराटे ब्लॅक बेल्ट आहे, इन्स्टावर चाळीस हजार फॉलोअर आहेत. उपयोग होईल का? (जालना)

जिमचा होईल, तब्येतीला. फॉलोअर्सचा होणार नाही, झाला तर तोटाच. बहुतेक काम खुर्चीत बसून वाचायचं आणि नेमकं लिहायचं असतं, परदेशात पोस्टिंग असेल तेव्हा लोकांशी बोलायचं आणि ऐकायचं असतं, लाथा कुणी मारत नाही. दिवसाला एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्याचा शंभर शब्दांत सारांश काढ, वर्षभर, ब्लॅक बेल्टपेक्षा त्याचा फायदा जास्त.

टेलिग्रामवर "रॉ डायरेक्ट एंट्री" चॅनल आहे. मी रजिस्ट्रेशनचे पैसे भरले, त्यांनी लोगो असलेलं जॉइनिंग लेटर पाठवलं आणि आता ट्रेनिंग किटचे आणखी मागतायत. भरू का? (परभणी)

नको! एक रुपया पुढे टाकू नकोस. रॉच्या नावाने थेट भरती होत नाही हे वर सांगितलंच, आणि टेलिग्रामवरून केंद्र सरकार जॉइनिंग लेटर देत नाही. आजच १९३० ला फोन लाव, ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, जेवढा लवकर फोन तेवढी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर, ते लेटर, सगळं जपून ठेव, चॅनल सोडू नकोस आणि त्यांना ब्लॉकही करू नकोस, आधी तक्रार नोंदव. आधार आणि मार्कशीट पाठवल्या असशील तर बँकेलाही कळव. आणि घरी सांग, ओरडतील, पण सांग.